लहान कुत्र्यांचा खोकला : ऐकायचं काय, मोजायचं काय

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी व्याख्याने झाली. त्यांपैकी हे पाचवे. वक्ते आपल्याच सी विंगमधले निवृत्त पशुवैद्यक असून सोसायटीत लहानथोर सगळे त्यांना ‘डॉक्टरकाका’ म्हणूनच ओळखतात. ध्वनिमुद्रणावरून केलेले हे शब्दांकन त्यांनी नजरेखालून घातले आहे. त्यांनी काढून दाखवलेले कुत्र्यांचे आवाज मात्र कागदावर उतरवणे आम्हाला जमलेले नाही, त्याबद्दल क्षमस्व. – संपादक मंडळ)



मागच्या महिन्यात इथे म्युच्युअल फंडावर व्याख्यान झालं, त्याच्या आधी गुडघेदुखीवर. दोन्ही वेळा हॉल भरला होता. कुत्र्याच्या खोकल्यावर बोलायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, चार कुत्रेवाले येतील आणि दोन तक्रारवाले. प्रत्यक्षात खुर्च्या कमी पडल्यात. यातले तक्रारवाले किती, ते मी विचारत नाही. (हशा)

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा लिफ्ट सुरू झाली नव्हती आणि पाणी टँकरचं होतं. त्या काळात कुत्रा म्हटला की पांढरा, झुपकेदार शेपटीचा पॉमेरेनियन. खरं तर आपण ज्याला पॉमेरेनियन म्हणायचो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचा. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी त्याच जातीचा. मग २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि आपल्याकडे वर्षभरात तीन पग आले. आता शिह त्झू, ल्हासा, डॅशहुंड. दोन खोल्यांत मावेल, लिफ्टमध्ये उचलून घेता येईल, असा कुत्रा आपण निवडत गेलो. त्यात चूक काही नाही. पण या लहान कुत्र्यांची एक गंमत आहे. मोठ्या कुत्र्यांच्या मानाने ती जास्त जगतात, बारा-पंधरा वर्षं सहज. म्हणजे ती आपल्या घरात म्हातारी होतात. आणि म्हातारपण आलं की खोकला आला, हे या हॉलमध्ये मी वेगळं सांगायला नको. (हशा)

आवाजांकडे वळण्याआधी मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

आमच्याकडे चिंगी होती. जुन्या मंडळींना आठवत असेल, पांढरी स्पिट्झ, सी विंगच्या जिन्यात पहिल्या पायरीवर बसलेली असायची. आठव्या वर्षापासून तिला खोकला होता. दारावरची बेल वाजली, कोणी आलं, की आनंदाने उड्या मारायची आणि मग ठसका लागायचा. मी निदान केलं, श्वासनलिका ढिली झाली आहे. ते बरोबरच होतं. गळ्याचा पट्टा काढला, छातीचा पट्टा आणला, वजन उतरवलं, औषध दिलं. खोकला निम्म्यावर आला आणि मी निर्धास्त झालो. तिचा खोकला म्हणजे नळीचा खोकला, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

ती अकरा वर्षांची असताना गौरी-गणपतीत घर भरलेलं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर माझी आई सोफ्याशेजारी बसली होती आणि चिंगी तिच्या पायाशी झोपली होती. आई मला म्हणाली, “अरे, हिचं पोट बघ कसं लकलक उडतंय झोपेत.” मी म्हटलं, “आई, उकाडा किती आहे, माणसांची गर्दी किती आहे.” दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच म्हणाली. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्या रात्री चिंगी खाली बसेचना. गॅलरीच्या दाराशी मान लांब करून उभी, कोपरं बाहेर काढलेली. मी स्टेथोस्कोप लावला, तेव्हा छातीत पाणी भरल्याचा आवाज स्पष्ट येत होता. आम्ही पहाटे तिला घेऊन धावलो, ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. सकाळी साडेनऊला ती गेली.

तो स्टेथोस्कोप आमच्याच घरात, कपाटाच्या दाराला लटकलेला असायचा. चिंगीला तो मी आधीच्या चौदा महिन्यांत एकदाही लावला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आई मला एका शब्दाने बोलली नाही. आठवडाभराने फक्त एवढंच म्हणाली, “मला सांगितलं असतंस तर मी मोजलं असतं की रे.” माझी आई रोज संध्याकाळी एकशे आठ मण्यांची माळ ओढायची. कधी एक मणी चुकला नाही. घरातली सगळ्यांत पक्की मोजणारी बाई ती होती, आणि मी तिला मोजायला सांगितलं नव्हतं. आज जे सांगणार आहे, ते सगळं तिच्या त्या एका वाक्यातून आलेलं आहे.

आता आवाज. लहान कुत्र्यांचे मी पाच आवाज सांगतो. त्यातले काही निरुपद्रवी, काही सांभाळून घेण्यासारखे आणि एक जिवावरचा.

पहिला आवाज, उलटी शिंक. (इथे डॉक्टरकाकांनी आवाज काढून दाखवला. सतरंजीवरच्या मंडळींनी तो लगेच उचलला.) शिंकेत हवा जोरात बाहेर जाते, इथे ती नाकातून जोरजोराने आत ओढली जाते. कुत्रा एकदम थांबतो, मान ताणतो, कोपरं फाकवतो आणि घोंक-घोंक सुरू होतं. पाहणाऱ्याला वाटतं, संपला आता. रात्री अकरा वाजता मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे या आवाजाचे असतात. अर्ध्या मिनिटात, फार तर मिनिट-दीड मिनिटात तो थांबतो आणि कुत्रा काहीच झालं नाही अशा थाटात बिस्किट मागतो. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात काहीतरी चुरचुरलं की असं होतं. उदबत्ती, अत्तर, धूळ, कधी नुसता आनंद. गळ्यावरून हलका हात फिरवा, आवंढा गिळला की बहुधा थांबतं. इतकंच. पण म्हाताऱ्या कुत्र्याला हे नव्याने सुरू झालं, रोज अनेकदा व्हायला लागलं, किंवा नाकातून रक्त वा घट्ट स्राव आला, तर दाखवायला हवं.

दुसरा आवाज, बदकासारखा. कोरडा, कर्कश, ‘हाँक-हाँक’. हा ढिल्या श्वासनलिकेचा. श्वासनलिका म्हणजे नुसती मऊ नळी नव्हे. तिला कूर्चेच्या कड्या असतात, पण त्या पूर्ण गोल नसतात, घोड्याच्या नालासारख्या एका बाजूने उघड्या. ती उघडी बाजू एका पातळ पडद्याने बंद केलेली असते. काही छोट्या जातींत, म्हणजे पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिहुआहुआ, पूडल वगैरे, या कड्या वयानुसार मऊ पडतात आणि नळी चपटी व्हायला लागते. पाण्याच्या पाइपवर पाय दिल्यासारखी. पडदा आत लोंबतो, नळीच्या भिंती एकमेकींना घासतात आणि खोकला सुटतो. खोकल्याने नळी आणखी सुजते, म्हणून आणखी खोकला. हे चक्र आहे.

हा खोकला कधी येतो ते बघा. कोणी आलं की, पट्टा ओढला की, पाणी प्यायलं की, उकाडा वाढला की. उपाय तिथेच सापडतात. गळ्यातला पट्टा आजच्या आज काढा. परवान्याचा बिल्ला अडकवायला ठेवायचा असेल तर ठेवा, पण दोरी छातीच्या पट्ट्यालाच लावा. दुसरं, वजन. सहा किलोच्या कुत्र्याचं वजन एक किलोने वाढणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं दहा किलोने वाढणं. आपल्याकडे सकाळच्या चहाबरोबर बिस्किट, नाश्त्याला पोळीचा तुकडा, आजोबांच्या ताटातला एक घास, असा दिवसभर नैवेद्य चालू असतो. (हशा) हसू नका, काही कुत्र्यांचा खोकला नुसतं वजन उतरवून इतका कमी होतो की औषधाची मात्रा घटवता येते. फार बिघडलेल्या नळीत आता जाळीची नळी, स्टेंट, बसवता येतो. पण ती शेवटची पायरी.

तिसरा आवाज, घरघर आणि घोरणं. हा आपल्या पगचा, शिह त्झूचा, फ्रेंच बुलडॉगचा. घोरताना तो किती गोड वाटतो, त्याचे व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवतो. मी तुम्हाला ते कसं दिसतं ते आतून सांगतो. या कुत्र्यांची कवटी आखूड झाली, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. सिंगल बेडरूममध्ये तीन बेडरूमचं फर्निचर घातल्यासारखं. मऊ टाळू लांब पडून श्वासाच्या दारात लोंबतो. नाकपुड्या फटीएवढ्या. श्वास आत ओढायला इतका जोर लागतो की वर्षानुवर्षांच्या त्या ओढीने स्वरयंत्राचा भागही आत ओढला जातो. तो गोड आवाज म्हणजे चिंचोळ्या वाटेतून हवा ओढायची धडपड आहे.

यात ठाण्याचा उकाडा मिळवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, जिभेवरचं पाणी वाळतं आणि त्याने अंग थंड होतं. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याकडच्या हवेत इतकं बाष्प असतं की ते पाणी वाळतच नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर धापही नीट टाकता येत नाही. म्हणून या कुत्र्यांना उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी जमीन निवल्यावरच खाली न्या. आधी फरशीला आपला तळहात लावून बघा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या वर गेलं की जिवाशी गाठ. तसं झालं तर अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा, आणि मग गाडी काढा. आधी थंड करणं, मग दवाखाना. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते.

ज्यांच्या पगच्या नाकपुड्या फारच बारीक आहेत, त्यांनी शस्त्रक्रियेबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. नाकपुड्या रुंद करता येतात, टाळू आखूड करता येतो. लहान वयात केलं तर फायदा जास्त.

चौथा आवाज, संसर्गाचा. पाळणाघरातून म्हणा, केस कापायच्या दुकानातून म्हणा, कुत्रा घरी येतो आणि काही दिवसांत ढास लागते. उबळ आली की शेवटी ओकारी काढतो आणि थोडा पांढरा फेस. लोकांचा फोन येतो, “डॉक्टर, घशात हाड अडकलंय.” हाड बहुतेक वेळा नसतं. ज्याच्या घशात खरंच अडकलेलं असतं, तो पंजाने तोंड खरवडतो, लाळ गाळतो, घाबरलेला असतो. हा खोकणारा कुत्रा मात्र मधल्या वेळात जेवतो, खेळतो. ‘केनेल कफ’ म्हणतात तो हा. यात विषाणूही असतात, बोर्डेटेला नावाचे जिवाणूही. धडधाकट कुत्रा दोन-तीन आठवड्यांत बरा होतो. पण तोवर त्याला बागेत आणू नका आणि लिफ्टमध्ये दुसऱ्या कुत्र्याबरोबर नेऊ नका. पिल्लू असेल, लसी पूर्ण नसतील, ताप असेल, खाणं सोडलं असेल, तर मात्र वाट पाहायची नाही. पिल्लांत डिस्टेंपरची सुरुवातही अशीच होऊ शकते.

आता पाचवा. हा आवाज हृदयाचा.

लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हृदयाचा सगळ्यांत जास्त आढळणारा आजार झडपेचा. डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक झडप असते, मायट्रल. वयानुसार तिच्या पाकळ्या जाड, गाठाळ होतात आणि नीट मिटत नाहीत. आपल्या जुन्या नळाचा वॉशर गेला की कसं होतं, तसं. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं वरच्या कप्प्यात जातं. स्टेथोस्कोपमधून ते ‘फुस्स’ असं ऐकू येतं, त्याला मर्मर म्हणतात. वरचा कप्पा हळूहळू फुगतो. तो श्वासनलिकेच्या डाव्या फाट्याच्या अगदी खाली असतो, त्यामुळे फुगला की फाट्याला दाबतो आणि कुत्रा खोकतो. याच्या पुढची पायरी म्हणजे साचलेल्या रक्ताचा दाब मागे फुप्फुसांवर येतो आणि तिथे पाणी भरायला लागतं. चिंगीच्या बाबतीत हेच झालं.

इथे नीट लक्ष द्या. खोकला नळीचा की हृदयाचा, हे नुसत्या कानाने ठरवता येत नाही. मलाही येत नाही. एकाच कुत्र्याला दोन्ही असू शकतं, चिंगीला होतं. त्यासाठी तपासणी, एक्स-रे, लागलं तर हृदयाची सोनोग्राफी लागते. पण फुप्फुसांत पाणी भरायला लागलंय का, याची पहिली खूण खोकल्यात नसते. ती झोपेतल्या श्वासात असते. आणि ती घरातल्या कोणालाही मोजता येते.

कसं मोजायचं ते सांगतो. कुत्रा गाढ झोपलेला हवा. नुकताच फिरून आलेला, धापा टाकणारा नको. खोली फार गरम नको. छाती किंवा पोट एकदा वर गेलं आणि खाली आलं, की एक श्वास. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. निरोगी कुत्र्याचा आकडा बहुधा तिसाच्या आत असतो, अनेकांचा पंधरा-वीसच. रोज एकदा मोजा आणि कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवा, जिथे आपण दुधाचे खाडे लिहितो तिथेच. आकडा तिसाच्या वर गेला, तर तासाभराने पुन्हा मोजा. पुन्हा तिसाच्या वर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. नेहमी अठरा असणारा कुत्रा दोन-तीन दिवस अठ्ठावीसवर असेल, तरीही फोन करा. आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा माहीत असणं यासाठीच महत्त्वाचं.

आणि यात हातपाय गाळायचं कारण नाही. पिमोबेंडान नावाचं औषध आहे. ३६० कुत्र्यांवर केलेला एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. झडप खराब होऊन हृदय मोठं झालेलं, पण अजून पाणी न भरलेलं, अशा कुत्र्यांना हे औषध दिलं तर हृदय निकामी व्हायची वेळ सरासरी सव्वा वर्षाने पुढे गेली. कुत्र्याच्या आयुष्यात सव्वा वर्ष म्हणजे किती, ते ज्याच्या घरी म्हातारा कुत्रा आहे त्याला विचारा. पण त्यासाठी मर्मर आधी ऐकू यायला हवा. म्हणून सात-आठ वर्षांपुढच्या प्रत्येक लहान कुत्र्याच्या छातीला वर्षातून दोनदा स्टेथोस्कोप लागला पाहिजे. माझ्या घरात लागला नाही, तुमच्या घरात लागू दे.

आता दुसरी गोष्ट. ही दोन्ही कुटुंबांची परवानगी घेऊन सांगतोय, ते दोघेही इथे बसलेत.

काही वर्षांपूर्वी मॅनेजिंग कमिटीकडे एक लेखी तक्रार आली. तक्रारदार ए विंगमधले एक आजोबा, रेल्वेतून निवृत्त. विषय, वरच्या मजल्यावरील कुत्र्याचा रात्रीचा उपद्रव. रेल्वेचा माणूस, तक्रारसुद्धा टाइमटेबलसारखी. तारीख, वेळ, कालावधी. ‘रात्री १.४० ते १.४४. रात्री ३.०५ ते ३.१२.’ पूर्ण तीन आठवड्यांचा तक्ता. (हशा) सेक्रेटरीसाहेबांनी तो माझ्याकडे पाठवला, “डॉक्टरकाका, तुम्हीच काय ते बघा.”

मी तो तक्ता वाचला आणि गंभीर झालो. पहिल्या आठवड्यात चार नोंदी, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात सतरा. सगळ्या मध्यरात्रीनंतरच्या. वर गेलो. नऊ वर्षांचा डॅशहुंड. घरची मंडळी एसी लावून, दार बंद करून आत झोपायची, कुत्रा बाहेर हॉलमध्ये. त्यांना रात्रीचा खोकला ऐकूच येत नव्हता. दिवसा तो फारसा खोकत नव्हता. ते म्हणाले, “थोडा आळशी झालाय, वय झालं.” तो झोपलेला होता. मी शेजारी बसलो आणि मोजलं. चव्वेचाळीस. पुन्हा मोजलं. बेचाळीस.

त्याच दुपारी एक्स-रे झाला. हृदय मोठं झालेलं, फुप्फुसांत पाणी साठायला सुरुवात झालेली. पाणी उतरवायचं औषध, पिमोबेंडान, सगळं सुरू झालं. तिसऱ्या दिवशी आकडा चोवीसवर आला. तो कुत्रा त्यानंतर दीड वर्ष जगला, चांगला जगला. पाणी उतरवायच्या औषधाने लघवी फार होते, त्यामुळे रात्री दोनला त्याला खाली न्यावं लागायचं, लिफ्टचा आवाज व्हायचा. आजोबांनी त्याची तक्रार केली नाही. घरची मंडळी लग्नाला कोल्हापूरला गेली, तेव्हा चार दिवस कुत्रा आजोबांकडे होता आणि श्वासाचा तक्ता त्यांनीच ठेवला. तक्रारअर्ज मात्र त्यांनी मागे घेतला नाही. तो आपल्या फाइलमध्ये अजून आहे. (हशा आणि टाळ्या)

माझ्या चाळीस वर्षांच्या व्यवसायात मला मिळालेली ती सगळ्यांत चांगली केस हिस्टरी होती. डॉक्टरच्या टेबलावर कुत्रा कधी खोकत नाही, तो घाबरून गप्प उभा राहतो. मालक सांगतो, “खोकतो अधूनमधून.” अधूनमधून म्हणजे काय? म्हणून दोन कामं करा. खोकला आला की मोबाइलवर व्हिडिओ घ्या, आणि वेळ लिहा.

आता तातडीच्या खुणा. एवढ्या पाठच करा. जीभ किंवा हिरड्या निळसर, राखाडी दिसणं. हिरड्या मुळात काळ्या असतील तर जीभ बघा. मान ताणून, कोपरं फाकवून उभं राहणं, आडवं व्हायला तयार नसणं. श्वासागणिक पोट आत खेचलं जाणं. खोकता खोकता भोवळ येऊन पडणं. नाकातोंडातून गुलाबी फेस. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. कवटाळू नका, पाठीवर झोपवू नका, तोंडात पाणी ओतू नका. त्याला हवं तसं बसू द्या, गाडीत गारवा ठेवा, वाटेतून दवाखान्याला फोन करा.

शेवटी सोसायटीसाठी तीन विनंत्या. डासांची धूरफवारणी असेल तेव्हा आदल्या दिवशी बोर्डावर लिहा आणि ग्रुपवर टाका, म्हणजे आजारी कुत्र्यांच्या, आणि दम्याच्या माणसांच्याही, खिडक्या लावता येतील. दिवाळीत फटाके मागच्या मोकळ्या जागेत, डक्टजवळ नकोत. आणि तिसरी, कोणाचा कुत्रा रात्री खोकताना ऐकू आला, तर कमिटीला लिहायच्या आधी त्या घरची बेल वाजवा. तक्ता असेल तर तोही घेऊन जा.



प्रश्नोत्तरे

प्रश्न : खोकल्याला हळद-मध चालेल का? आणि आपलं कफ सिरप?

डॉक्टरकाका : चिमूटभर हळद आणि बोटावर मध, एवढ्याने नुकसान सहसा होत नाही. कुत्र्याला मधुमेह असेल तर मध नको. पण त्यात आठवडा जातो, तो जाऊ देऊ नका. आपलं कफ सिरप मात्र अजिबात नको. काहींमध्ये नाक मोकळं करणारी औषधं असतात, काहींत झायलिटॉल नावाची गोडी असते, दोन्ही कुत्र्याला घातक. तापाची, अंगदुखीची आपली गोळीही नको. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनने कुत्रे दगावू शकतात.

प्रश्न : आमच्याकडे रोज धूप-उदबत्ती असते. ती बंद करायची का?

डॉक्टरकाका : देवाला हात जोडायला धूर लागत नाही, असं माझी आई म्हणायची, पण मी तसं सांगणार नाही. उदबत्ती लावा, कुत्र्याला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. डासांची कॉइल आणि सिगारेट मात्र घरात नकोच, कुत्र्यासाठीही आणि तुमच्यासाठीही.

प्रश्न : नवीन पिल्लू घ्यायचंय. पग घ्यावा की नाही?

डॉक्टरकाका : माझं मत विचाराल तर नाक लांब असलेला कुत्रा घ्या. आपल्या गेटवरचं देशी पिल्लू घेतलंत तर त्याला श्वासाचा त्रास क्वचितच होईल. पग घ्यायचाच असेल तर पिल्लाच्या आईला पळताना बघा, तिचा आवाज ऐका, पिल्लाच्या नाकपुड्या उघड्या आहेत का ते बघा.

प्रश्न (सतरंजीवरून) : काका, आमचा कुत्रा झोपेत पळतो. तेव्हा मोजलं तर चालेल का?

डॉक्टरकाका : शाब्बास! हा आजचा सगळ्यांत चांगला प्रश्न. नाही चालणार. तेव्हा तो स्वप्नात मांजरामागे धावत असतो, त्याचा श्वास वाढतोच. पाय हलायचे थांबू दे, डोळ्यांची फडफड थांबू दे. मग मोज. तुला तीसपर्यंत येतात ना? मग झालं, तुझ्या घरचा डॉक्टर तूच.